पोर्सलिन फरशी बसवताना आणि वापरताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या जुन्या घरांत सोप्याला शहाबादी, स्वयंपाकघरात कडप्पा आणि परसात नुसता कोबा असायचा. शहाबादी पाणी पिते. ओल्या मालावर स्लरी, म्हणजे सिमेंटचे पातळ कालवण, ओतून ती बसवली की सिमेंट दगडाच्या छिद्रांत शिरते आणि घट्ट धरते. गौंड्यांचा हात याच कामावर बसलेला आहे. पोर्सलिन मात्र पाणी जवळजवळ पीतच नाही. दुकानात हिलाच व्हिट्रिफाइड म्हणतात. तिचे पाणी शोषण्याचे प्रमाण वजनाच्या 0.5 टक्के किंवा त्याहूनही कमी असते. म्हणून तिच्यावर डाग मुरत नाहीत, आणि म्हणूनच नुसत्या सिमेंटला ती नीट धरत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते, पण दोष टाइलला दिला जातो.

दुकानात

भिंतीची सिरॅमिक टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला घेऊ नका. ओळखायची खूण सोपी आहे. टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे चार थेंब टाका. सिरॅमिक ते लगेच पिऊन गडद होते, पोर्सलिनवर थेंब तसेच राहतात. मग दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये किंवा कोपऱ्यांत फट दिसली तर टाइलला बाक आहे. मोठ्या मापात असा बाक बसवताना लपवता येत नाही.

वर्दळीच्या सोप्याला डबल चार्ज टाइल चांगली. तिचा रंगीत थर 3 ते 4 मिमी जाड असतो, त्यामुळे घासली तरी खाली दुसरा रंग दिसत नाही. ग्लेझ्ड, म्हणजे वर काचेसारखा लेप दिलेल्या, व्हिट्रिफाइडवर नक्षी सुंदर मिळते, पण ती वरच्या पातळ थरातच असते. लाल माती पायाला घेऊन लोक थेट आत येतात अशा घरात चकचकीत ग्लेझ लवकर मंदावते. न्हाणी, ओटा, परसाचे दार इथे मॅट टाइलच हवी. दुकानदाराकडे घसरण्याचा आर क्रमांक विचारा. आकडा जितका मोठा तितकी टाइल कमी घसरते. खोलीत आर 9 चालतो, ओल्या जागी आर 10 किंवा 11 घ्या.

हिशेब करताना 12 बाय 15 फुटांची खोली धरू. क्षेत्र 180 चौरस फूट, त्यात 10 टक्के तूट मिळवून 198. 600 बाय 600 मिमीच्या 4 टाइलच्या बॉक्समध्ये साडेपंधरा चौरस फूट भरतात, म्हणजे 13 बॉक्स लागतील. तिरकी बसवायची असेल तर तूट 15 टक्के धरा. वर एक बॉक्स कायमचा जपून ठेवा. बॉक्सवर बॅच, शेड (रंगछटा) आणि माप छापलेले असते. माल उतरवतानाच सगळ्या बॉक्सचे आकडे जुळवून पाहा. तोच शेड नंतर मिळेल याची खात्री कोणी देत नाही. खानापूरला बसून गुजरातेतल्या मोरबीच्या कारखान्यांचा जुना बॅच शोधणे म्हणजे निव्वळ वेळ घालवणे.

भराव आणि कोबा

फरशी बसते, मधोमध खचते, चार टाइल एका रेषेत तडकतात. हा भरावाचा दोष आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ती जोत्यात भरायचीच नाही. मुरूम 6 ते 9 इंचांच्या थरांनी भरून प्रत्येक थरावर पाणी मारावे आणि धुम्मस करावा. त्यावर दगडी सोलिंग (दगडांचा रचलेला थर) आणि 4 इंच काँक्रीट. जांबोटी, कणकुंबीसारख्या पावसाच्या पट्ट्यात काँक्रीटखाली 250 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरावा. तो नसला की ओल वर चढते आणि सांध्यांतून पांढरा लोणा फुटतो. वरून कितीही पुसला तरी तो परत येतो.

कोब्याला 7 दिवस पाणी मारावे, नंतर निदान 3 आठवडे वाळू द्यावा. 6 फुटी सरळ पट्टी टाकून तपासा. खाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर आधी कोबा सारखा करून घ्या. चढउतार चिकट मालाच्या जाडीत भरून काढू नका.

चिकटवताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे टाइलखाली मधोमध आणि कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून ती दाबणे. मधला भाग पोकळ राहतो. त्यावर कपाटाचा पाय किंवा पडलेली कळशी आली की तडा गेलाच. दुसरी चूक टाइल भिजत घालण्याची. ही सवय सिरॅमिकच्या काळातली. पोर्सलिनला भिजवून काही मिळत नाही, उलट पाठीवरच्या पाण्याने पकड कमी होते.

योग्य पद्धत अशी. टाइलच्या पाठीवर भट्टीची पांढरी भुकटी असते. ती ब्रशने झाडून ओल्या फडक्याने पुसावी आणि टाइल वाळू द्यावी. टाइल अॅडेसिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा पिशवीतला तयार माल, पिशवीवर लिहिलेल्या पाण्यात कालवावे, मध्येच पाणी वाढवून पातळ करू नये. 10 ते 12 मिमी दात्यांच्या थापीने कोब्यावर एकाच दिशेने रेघा ओढाव्यात. 600 बाय 1200 किंवा त्याहून मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ थर फासावा. 20 किलोची पिशवी साधारण 40 ते 50 चौरस फुटांना पुरते. माल पसरल्यावर बोट लावून पाहा. बोटाला लागला नाही तर त्यावर साय धरली आहे, तो खरवडून टाका. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे फार लवकर होते, म्हणून एका वेळी दोन-तीन टाइलपुरताच पसरावा.

पहिल्या काही टाइलपैकी एक बसवल्याबरोबर उचलून पाहा. पाठ जवळजवळ पूर्ण मालाने भरलेली दिसली पाहिजे. कोरडे ठिपके दिसले तर थापी किंवा हात बदला. हे पाहायला मालकाने स्वतः उभे राहावे. नंतर कळून उपयोग नसतो.

लाकडी पट्टीसारख्या लांब टाइल विटांसारख्या अर्ध्यावर जोडू नका. टाइलचा बाक मध्यावर सर्वांत जास्त असतो आणि अर्ध्यावर जोडले की शेजारच्या टाइलची कड वर येऊन पायाला लागते. एक तृतीयांशावर जोडा.

सांधे

सांधा न ठेवता टाइलला टाइल भिडवली की फरशी एकसंध दिसते म्हणून अनेकांचा तसा आग्रह असतो. तो सोडा. निदान 2 मिमी सांधा हवाच. भिंतीलगत चारी बाजूंनी 8 ते 10 मिमी मोकळी जागा ठेवा, ती स्कर्टिंगखाली (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीखाली) झाकली जाते. त्या जागेत माल भरला की उन्हाने वाढलेल्या टाइलला सरकायला वाव राहत नाही आणि एक दिवस मोठा आवाज होऊन ओळच्या ओळ वर उचलली जाते. तशी उचलली तर ठोकून बसवू नका. कडेची फट मोकळी करून त्या टाइल नव्या अॅडेसिव्हवर बसवाव्या लागतात.

स्वयंपाकघरात सांधे भरायला सिमेंटच्या ग्राउटऐवजी (सांधे भरायच्या मालाऐवजी) इपॉक्सी, म्हणजे राळेचा ग्राउट, घ्या. हळद-तेल ग्राउटमध्ये उतरले की निघत नाही. इपॉक्सी लावताच टाइलवरचे पुसून घ्यावे लागते. वाळल्यावर खरवडणे त्रासाचे असते. न्हाणीत जाळीकडे दर 8 फुटांना एक ते सव्वा इंच उतार द्या.

वास्तुशांती

नव्या टाइलवर थेट होम पेटवू नका. एका जागी तापल्याने टाइल तडकते किंवा खालून सुटते. खाली जाड वाळू आणि त्यावर विटांचे दोन थर देऊन कुंड मांडा. फरशी झाल्यापासून निदान 7 दिवस जड कपाटे सरकवू नका.

रोजची निगा

फिनेल रोज टाकले की चिकट थर चढतो आणि त्यावर धूळ बसते. आधी कोरडा झाडू, मग अर्ध्या बादलीत एक छोटा चमचा पातळ साबण, नंतर साध्या पाण्याने पुसणे पुरेसे आहे. संडासाचे आम्ल फरशीवर टाकू नका. ते सिमेंटचा सांधा खाते, आणि गंजाचे डाग काढणाऱ्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक आम्ल असते, ते ग्लेझही खाते. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाण्यात विरघळवलेल्या लिंबूसत्वाने निघतात. मिनिटभर ठेवून लगेच धुवा.

आषाढात फरशीवर पाणी जमते तेव्हा गळती समजून तोडफोड करू नका. दोन फुटांचा प्लास्टिक कागद सांध्यांवर येईल असा चिकटपट्टीने लावून 24 तास ठेवा. पाणी कागदाच्या वर असेल तर ती दमट हवा आहे, खिडक्या उघडून पंखा लावा. खाली असेल तर ओल जमिनीतली आहे.

टाइलवर ठोकून पोकळ आवाज ऐकू आला की खडूने हद्द आखा. एखादा कोपरा असेल आणि टाइल हलत नसेल तर लक्ष ठेवून चालते. निम्म्याहून जास्त पोकळ असेल किंवा सांधा भुगा होऊन निघत असेल तर ती टाइल काढून ठेवलेल्या बॉक्समधली बसवा.