भर रस्त्यात फतकल मारणाऱ्या पोराचं करायचं काय

रस्त्याच्या मधोमध पोरगं फतकल मारून बसलं आणि भोकाड पसरलं की आईबापाच्या डोक्यात दोनच गोष्टी फिरायला लागतात, याला गप्प कसं करू आणि बाप रे सगळे बघतायत. दोन्ही बाजूला ठेवा. आधी एवढंच बघा की आत्ता आपण जिथे आहोत तिथे गाडी येऊ शकते का. येऊ शकत असेल तर समजावणं, डोळे वटारणं, तीनपर्यंत आकडे मोजणं काही नको, उचलायचं आणि कडेला न्यायचं. येऊ शकत नसेल तर मग कसलीच घाई नाहीये, रडू दे की.

हट्ट आणि रस्ता ही दोन वेगळी प्रकरणं आहेत, आणि आपण नेमकं उलटं करतो. रडू नये म्हणून त्याचा हात सोडतो आणि रडतोय म्हणून ओरडतो. रडायला पूर्ण मुभा द्या, रस्त्यावर हात सोडायला अजिबात नाही.

आता उचलायचं कसं, कारण इथेच खरी फजिती होते. पोर पाय ढिले सोडतं, दोन्ही हात वर करतं आणि सरळ हातातून निसटून खाली जातं. अशा वेळी मनगटाला किंवा बखोटीला धरून खेचायचं नाही म्हणजे नाही. 1 ते 4 वर्षांच्या मुलांचं कोपराजवळचं हाड एका हिसक्यात जागेवरून सरकू शकतं, हे बऱ्यापैकी कॉमन आहे. मग मूल तो हात अंगाशी धरून बसतं, वापरतच नाही. असं दिसलं तर घरी चोळत किंवा ओढून बघत बसू नका, डॉक्टरकडे न्या, ते बहुतेक वेळा चटकन बसवतात. त्यामुळे मागून जा, दोन्ही काखांखाली हात घाला, पाठ आपल्या छातीला लावा आणि आपली हनुवटी बाजूला ठेवा, कारण चिडलेलं मूल डोकं मागे आपटतं आणि ते बरोबर आपल्या दातांवर बसतं!

सुरक्षित जागी आलात की मग तमाशा चालू द्या. साधारण 1 ते 4 या वयात हे होतंच, तुमचं संगोपन वाया गेलं असा त्याचा अर्थ नाही. मेंदूचा जो पुढचा भाग रागाला लगाम घालतो तो पूर्ण तयार व्हायला विशी अर्धी उलटावी लागते, इथे तर पोर जेमतेम दोन वर्षांचं, सांगायचं ढीगभर आणि शब्द मूठभर. म्हणून ऐन भरात लेक्चर देऊ नका, काही म्हणजे काही आत जात नाही. शेजारी उकिडवे बसा, आवाज खाली आणा, एकच वाक्य बोला, "तुला अजून थांबायचं होतं ना, राग आलाय" आणि मग गप्प. जवळ घ्यायला गेल्यावर ढकललं तर थोडं लांब बसा पण नजरेआड जाऊ नका. बहुतेक वेळा काही मिनिटांत जोर ओसरतो, फक्त ती मिनिटं आपल्याला तासासारखी वाटतात हा भाग वेगळा.

आणि ज्या गोष्टीसाठी हे चाललंय ती द्यायचीच असेल तर पहिल्या मागण्यालाच द्या. दहा मिनिटं आरडाओरडा झाल्यावर दिलीत तर दहा मिनिटं ओरडलं की मिळतं हे पक्कं शिकतं, आणि कधी दिलं कधी नाही असं केलंत तर आणखी चिवट होतं कारण आशा सुटत नाही. मोबाईल हातात कोंबणं हाही त्यातलाच प्रकार.

बघ्यांचं काय करायचं? कोणीतरी काकू येणारच, "द्या हो त्याला, किती रडतोय." हसून "होईल शांत" म्हणा आणि परत पोराकडे बघा, वाद घालू नका. आणि "तो बघ पोलीस आला, पकडून नेईल" हे कोणालाच म्हणू देऊ नका, तुम्हीही म्हणू नका. उद्या गर्दीत हरवलं तर त्याच पोलिसाकडे त्याने जायला हवंय.

आता रस्त्यावर हात धरून न चालण्याचं. चार वर्षांच्या पोराबद्दल लोक बिनधास्त म्हणतात की त्याला कळतं आता, रस्त्यापुरतं हे चूक आहे. येणारी गाडी किती लांब आहे आणि किती वेगात आहे याचा नीट अंदाज नऊ-दहा वर्षांच्या आधी भरवशाने येत नाही, शिवाय उंची एवढीशी, उभ्या गाड्यांच्या मधून बाहेर पडलं की ड्रायव्हरला दिसतच नाही, रिव्हर्स घेणाऱ्याला तर नाहीच नाही. म्हणून रस्ता आला की हात, हा नियम रोज, रिकाम्या रस्त्यावरसुद्धा. मूल गाड्यांपासून लांबच्या बाजूला ठेवा, मध्ये तुम्ही. हात हिसडून पळणारं असेल तर बोटं न धरता मनगट धरा, पण ओढू नका.

चॉइस द्या, पण दोन्ही तुम्हाला चालतील असेच. "हात धरून चालतोस की कडेवर येतोस?" उत्तर आलं नाही किंवा हात सोडला तर शांतपणे कडेवर, किंवा स्ट्रोलरमध्ये पट्टा लावून. रडेल. रडू दे, पण प्रत्येक वेळी तेच व्हायला हवं, आणि आजी-आजोबा, मावशी जे कोणी त्याला बाहेर नेतात त्यांनाही हाच नियम सांगून ठेवा, नाहीतर तुमची सगळी मेहनत एका संध्याकाळी पाण्यात.

थांबण्याची प्रॅक्टिस घरात किंवा मैदानात करा, खेळ म्हणून. पळ, पळ, "थांब!" आणि पुतळा. हा शब्द असाच तुमच्या नेहमीच्या आवाजात, आणि शक्यतो दिवसभर बाकी कशालाही वापरू नका, म्हणजे रस्त्यावर त्याला वजन राहतं.

बऱ्याच वेळा पोर हट्टी नसतं, दमलेलं असतं. आपल्या एका पावलात त्याची दोन-तीन होतात हे आपण विसरतो. झोपेची किंवा भुकेची वेळ टाळून निघा, थोडा वेळ हाताशी ठेवा, तीन वर्षांच्या मुलाला स्ट्रोलरमध्ये बसवण्यात लाज कसली? पाय ओढायला लागलं तर "त्या खांबापर्यंत सशासारखं, पुढच्यापर्यंत हत्तीसारखं" एवढ्यावर बरंच अंतर कटतं. त्याआधी बूट काढून बघा, खडा असतो किंवा बूट लहान झालेला असतो. अचानक चालणंच बंद केलं, लंगडतंय, सोबत ताप आहे, तर तो हट्ट नाही, त्याच दिवशी डॉक्टर.

रडता रडता श्वास रोखून निळं पडणारी मुलंही असतात, काही क्षण शुद्धही जाते. बघणाऱ्याचा जीव जातो पण बहुतेक वेळा मिनिटभरात श्वास आपोआप परत येतो. कुशीवर निजवा, हलवू नका, तोंडात काही घालू नका. पहिल्यांदा झालं तर दाखवून घ्याच, आणि श्वास लवकर परत आला नाही तर ताबडतोब ॲम्ब्युलन्स. तसंच तमाशे नेहमीच अर्धा तास चालत असतील, दिवसातून अनेकदा होत असतील, मूल स्वतःला मारून घेत असेल, पाच वर्षांनंतरही जोर तसाच असेल, किंवा आधी बोलत असलेले शब्द बोलायचं बंद झालं असेल, तर "मोठा झाला की सुटेल" म्हणत वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना भेटा, आणि जमलं तर त्यातल्या एखाद्या प्रसंगाचा व्हिडिओ घरात काढून घेऊन जा, तोंडी सांगण्यापेक्षा त्यांना त्यातून लवकर कळतं.