जातीबद्दल शिकणाऱ्या समुपदेशकांनो, या चुका टाळा (मी केल्यात, म्हणून सांगते)

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही सात-आठ समुपदेशक कर्वेनगरात एकीच्या घरी जमतो. चहा, अडलेल्या केसेस, थोडं रडगाणं. गेल्या काही वर्षांत त्यात एक भर पडली आहे. कुणीतरी वंशभेदविरोधी किंवा जातिविरोधी थेरपीचा ऑनलाइन कोर्स केलेला असतो. ग्रुपवर पीडीएफ येतात, सगळे अंगठा दाखवतात (मराठीतल्या अर्थाने नव्हे, निदान तेव्हा तरी), आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी हळूच म्हणतं, "अगं, तो मुलगा परत आलाच नाही."

म्हणजे वाचन वाढलं, चुका होत्या तिथेच आहेत. काही तर वाचनामुळेच नव्याने व्हायला लागल्यात. खालची उदाहरणं अनुभवातूनच आली आहेत, पण कुणी ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदललेत, दोन-तीन माणसांचं एक केलंय.

क्लायंटच्या तासात स्वतःचा अभ्यास

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून आधी.

एमपीएससी करणारा मुलगा. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा, दिवसभर अभ्यासिका, रात्री मेस. झोप येत नाही म्हणून आला होता. तिसऱ्या सेशनला म्हणाला की तो पारधी आहे आणि रूमवर हे कुणालाच माहीत नाही. मी काय विचारावं? "तुमच्याकडे नेमकं कसं असतं? मला जरा समजावून सांगाल?" कोर्समध्ये शिकवतात तो नम्रपणा हाच, अशी माझी समजूत. तो चाळीस मिनिटं सांगत राहिला. गावाबाहेरची पालं, रात्री-अपरात्री येणारे पोलीस, आजोबांना उचलून नेलं ती हकीकत. परीक्षेचा विद्यार्थी असल्यामुळे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा (अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा) आणि १९५२ मध्ये त्याचं रद्द होणंही सनावळीसकट आलं. मी वहीत टिपून घेत होते. झोपेबद्दल त्या दिवशी एक शब्द झाला नाही. फी मात्र त्याने भरली.

'सांस्कृतिक नम्रता' ही कल्पना मेलनी टेरव्हॅलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टर बायकांनी १९९८ मध्ये मांडली. दुसऱ्याच्या संस्कृतीत आपण कधीच पारंगत होत नसतो, तेव्हा स्वतःला तपासत राहण्याचं काम आयुष्यभराचं, असं त्यांचं म्हणणं. तपासायचं स्वतःला. आपल्याकडे येईपर्यंत त्याचं 'समोरच्याला विचारा' एवढंच उरलं.

मी आता एक साधी चाळणी वापरते. जी गोष्ट त्याच्या समाजातल्या बहुतेकांना लागू पडेल ती मी घरी वाचून यायची. जी फक्त त्यालाच लागू आहे ती त्याला विचारायची. "पाल म्हणजे काय?" हा माझा गृहपाठ. "रूमवर कळलं तर सगळ्यात आधी कुणाचा चेहरा डोळ्यासमोर येतो?" हा त्याच्या तासातला प्रश्न. एखादा शब्द अडलाच तर एका वाक्यात विचारून पुढे जावं, त्याला सगळा इतिहास सांगायला बसवू नये.

'रेस' खोडून तिथे 'जात' लिहिणे

अमेरिकन साहित्य वाचूच नये असं मी म्हणणार नाही. पुण्यात बसून तर नाहीच. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉईस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून घेतलं. हा रस्ता जुना आहे, कुठल्या कोर्सने काढलेला नाही.

पण कातडीचा रंग दिसतो आणि जात विचारावी लागते, इथे तिकडचे कागद घसरतात. चेस्टर पिअर्स या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० मध्ये 'मायक्रोअ‍ॅग्रेशन' हा शब्द घडवला, म्हणजे वरवर साध्या बोलण्या-वागण्यातून होणारा अपमान, आणि डेराल्ड विंग सू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये थेरपीच्या खोलीत ते कसं घडतं याची मांडणी केली. त्यांची उदाहरणं जशीच्या तशी उचललीत तर पुण्यातलं काहीच हाती लागणार नाही. इथे ते असं येतं : "फक्त नाव नको, आडनाव सांगा." "मूळचे कुठले?" "अय्या, वाटत नाही हो!" "किती शुद्ध बोलतेस तू!" घर बघायला गेलं की, "आम्ही शाकाहारीच बघतोय." यातलं एकही वाक्य तक्रार करण्याजोगं नाही, आणि प्रत्येक वाक्य ऐकणाऱ्याला बरोबर समजतं.

त्यामुळे 'तुम्हाला वेगळी वागणूक पहिल्यांदा कधी मिळाली?' हा तिकडचा प्रश्न आपल्याकडे अर्धाच पोचतो. कितीतरी क्लायंटना वेगळी वागणूक मिळालेलीच नसते, कारण त्यांनी कुणाला कळूच दिलेलं नसतं. त्यांचा थकवा त्या कळू न देण्याचा असतो. घरचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचं. १४ एप्रिलला गावी जायचं कारण दुसरंच सांगायचं. भिंतीवर कुठला फोटो लावायचा नाही ते ठरवायचं. विचारायचं ते याबद्दल.

याच्या उलट्या टोकाची चूकही आमच्या गटात एकाने केली : "आपल्याकडे रेसिझम नाही, जातिवाद आहे." मणिपूर, नागालँड, मिझोरमहून शिकायला आलेल्या मुलांना आणि इथल्या आफ्रिकन विद्यार्थ्यांना हे सांगून बघा. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवा पसरल्या तेव्हा ईशान्येतली मुलं पुणं सोडून गाड्या भरभरून गेली होती. ज्याला रिक्षात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे चेहऱ्यावरून काहीबाही ऐकून घ्यावं लागतं, त्याच्यासाठी ते अमेरिकन कागद बऱ्यापैकी सरळ लागू पडतात.

"पण याला पुरावा काय?"

सीबीटी, म्हणजे विचार तपासून बदलायची थेरपी, शिकलेल्यांची ही हमखास चूक. एका तक्त्यात विचार लिहा, बाजूने पुरावा, विरुद्ध पुरावा, मग संतुलित विचार. तंत्र चांगलं आहे, मी रोज वापरते. पण एकदा अशी तोंडघशी पडले की अजून आठवलं तरी कानशिलं तापतात.

इंजिनिअरिंगला नुकताच प्रवेश मिळालेली मुलगी, भटक्या जमातीतली. छातीत धडधड, जेवण जात नाही. म्हणत होती, "व्हॅलिडिटी नाही आली तर सगळं संपलं, मॅडम." मला ऐकू आलं ते 'सगळं संपलं'. म्हणजे पुस्तकातलं 'राईचा पर्वत'. मी तक्ता पुढे सरकवला आणि विचारलं, "असं होईल याला पुरावा काय?"

ती हसली. बरं नव्हतं ते हसणं. राखीव जागेवरच्या प्रवेशाला जातवैधता प्रमाणपत्र लागतं, मुदतीत दिलं नाही तर ती जागा खरोखर जाऊ शकते. आणि ते मिळवायला पुरावे जुने लागतात : अनुसूचित जातींना १९५० च्या आधीचे, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, ओबीसींना १९६७ च्या. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरली, त्यांच्याकडे १९६१ च्या आधीचा कागद कुठून यायचा? तिचे वडील महिनाभर आजोबांच्या शाळेचा दाखला शोधत होते, आणि आजोबा शाळेत गेलेलेच नव्हते. तिच्या घरात त्या काळात रोज उच्चारला जाणारा शब्द 'पुरावा' हाच होता, आणि मी तोच तिच्यापुढे तक्त्यात मांडून ठेवला.

भीती वाजवीपेक्षा मोठी आहे की परिस्थितीच तेवढी मोठी आहे, हे ठरवायला परिस्थिती माहीत लागते. ती माहीत नसेल तर तक्ता बंद ठेवा. एखाद्याला 'मला मुद्दाम डावललं' असं वाटतंय, तर पहिला प्रश्न "पुरावा काय?" हा नसावाच. तो प्रश्न त्याला वर्गशिक्षकाने, एचआरने, कधी घरच्यांनीही विचारून झालेला असतो. आधी "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारावं, गोष्ट पुढे सरकते.

यालाच लागून केस नोट्स. 'रेझिस्टंट', 'संशयी', 'आक्रमक' हे शब्द लिहिताना हात आखडता घ्या. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकन डॉक्टरने पळून जाणाऱ्या गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा आजार झालाय असं गंभीरपणे मांडलं होतं. आपण हसतो. पण समुपदेशकावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो ते आपल्याच फायलींत लिहिलेलं आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात हे दोन्ही बाजूंनी बांधलं आहे : कलम ३ प्रमाणे माणसाची सामाजिक स्थिती किंवा तो कुठल्या सांस्कृतिक, वांशिक, धार्मिक गटातला आहे यावरून आजार ठरवता येत नाही, आणि कलम १८ मध्ये सेवा देताना भेदभाव नको म्हणून जे आधार मोजलेत त्यात जातही आहे.

काय वाचावं आणि कसं

प्रमाणपत्राच्या दोन तासांच्या वेबिनारबद्दल मी फार बोलणार नाही. करायचं तर करा, भिंतीवर लावू नका.

मराठीत सुरुवात कुठून करावी असं कुणी विचारलं तर मी मुक्ता साळवेचं नाव सांगते. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मातंग मुलगी. १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला, मांग-महारांच्या दुःखावर. काही पानांचा आहे. एका चौदा वर्षांच्या मुलीने आपल्याला समजावून सांगायचं म्हणून लिहिलेला नाही, चिडून लिहिलाय. क्लायंटचा राग सहन होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांना मी तो मोठ्याने वाचायला लावते.

आणि बाबासाहेबांचं 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. वीसेक पानं. त्यातला पहिलाच प्रसंग १९०१ मधला. सुट्टीत वडिलांकडे निघालेली पोरं मसूर स्टेशनवर उतरतात, न्यायला कुणी येत नाही. मुलांचे कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तर आपुलकीने चौकशी करतो. छोटा भीमराव सहज सांगून टाकतो की आम्ही महार. आणि त्या माणसाचा चेहरा बदलतो. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही गाडी हाकायला तयार होत नाहीत, शेवटी पोरं गाडी हाकतात आणि गाडीवान शेजारून चालतो, हे सगळं पुढे येतं. पण आपल्या धंद्यातल्या माणसाने थांबायचं ते स्टेशनमास्तरच्या चेहऱ्यापाशी. जात कळण्याआधी तो चांगलाच वागत होता. लिहिणाऱ्याला तो चेहरा तीसेक वर्षांनंतरही जसाच्या तसा आठवतोय.

आपल्या खुर्चीसमोर बसलेला माणूस जात सांगतो त्या क्षणी तो आपला चेहरा वाचत असतो. बदल तिरस्काराचाच असावा लागतो असं नाही. आमच्यापैकी बहुतेकींच्या चेहऱ्यावर त्या वेळी एकदम अतिकरुणा पसरते, मान कलते, आवाज मऊ होतो. तोही बदलच. गटात आम्ही हे करून बघितलं, एकीने क्लायंट व्हायचं, दुसरीने मोबाइलवर समुपदेशकाचा चेहरा टिपायचा. स्वतःचं रेकॉर्डिंग बघून दोघी त्या दिवशी चहा न घेता गेल्या. कुठल्याही पीडीएफपेक्षा हा धडा उपयोगी पडला.

आत्मकथनं जरूर वाचा, पण रडण्यासाठी नको. रडून झालं की आपल्याला उगाच काहीतरी केल्यासारखं वाटतं.

दोन छोट्या, पण रोजच्या

"मी जात मानत नाही" हे सेशनमध्ये म्हणू नका. ती न मानण्याची सोय असणाऱ्यांचं ते वाक्य आहे. "आमच्या लोकांनी तुमच्यावर फार अन्याय केला" हेही नको. माफ करायचं काम त्याच्यावर पडतं, तेही त्यानेच पैसे भरलेल्या तासात.

दुसरी, नव्या अभ्यासाची हौस. मुलीचं लग्न मोडलंय, ती आईवर भडकली आहे, आणि आपण तिच्या प्रत्येक वाक्याखाली जात शोधतोय. ती एकदा वैतागून म्हणाली, "मॅडम, तो नालायक होता एवढंच." तसंही असतं. जातीचा विषय तिने काढला तर तुम्ही तयार असावं. तिने काढला नाही तर तिच्या वतीने काढू नये.

चूक झालीच तर

सेशनमध्येच लक्षात आलं, म्हणजे समोरचा एकदम "हो, हो" करायला लागला, घड्याळ बघायला लागला, तर तिथेच थांबा. "आत्ता मी जे विचारलं ते चुकलं. मला हे माहीत असायला हवं होतं." एवढंच. लांबलचक माफी मागितली की तोच तुमची समजूत काढायला लागतो.

तो निघून गेल्यावर लक्षात आलं तर एकच मेसेज करा. हा मेसेज कसा लिहायचा ते मला त्या सदाशिव पेठेतल्या मुलाने, न कळत, शिकवलं. तो चौथ्या सेशनला आला नाही. मी संध्याकाळी मन लावून लिहिलं : "तुमच्या समाजाबद्दल मी ज्या पद्धतीने विचारत राहिले त्याबद्दल..." पाठवणार, तेवढ्यात डोळ्यासमोर ती रूम आली. चार कॉट, मधल्या टेबलावर चार्जिंगला लावलेले चार फोन. कुणाचाही मेसेज आला की स्क्रीन उजळते आणि सगळ्यांना दिसते.

सगळं पुसलं. पुन्हा लिहिलं : "नमस्कार. मागच्या वेळचा तास मी तुमच्या कामासाठी वापरला नाही, चूक माझी. त्याची फी पुढच्या तासाला धरू. शुक्रवारी ५ ची वेळ ठेवली आहे. यायचं नसेल तर उत्तर दिलं नाही तरी चालेल. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर नावं देईन, आणि फी परत करेन."

अकरा दिवसांनी उत्तर आलं : "ओके मॅडम. नावं पाठवा."