कपाशीच्या फुलाची भिंतीवरची गोधडी

फुलांवरून कलात्मक गोधडी करायची असेल, तर अनेक फुलांची गर्दी करण्यापेक्षा एकच फूल नीट पाहून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. खानदेशात त्यासाठी लांब जावे लागत नाही. श्रावण-भाद्रपदात कपाशी पात्या-फुलांवर येते (पात्या म्हणजे तिच्या कळ्या). तिचे फूल उमलते त्या दिवशी दुधाळ पांढरे किंवा फिकट पिवळे असते, दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होऊ लागते आणि गळण्यापूर्वी लालसर होते, त्यामुळे एकाच झाडावर हे सगळे रंग एका वेळी दिसतात. गोधडीचे सुती कापडही अशाच फुलामागून धरलेल्या बोंडातून आलेले असते, म्हणून हा विषय मला फार जवळचा वाटतो.

फूल सकाळी पाहावे. त्याला पाच पाकळ्या असतात व प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली गेलेली असते. मध्ये परागांचा दांडा आणि खाली दातेरी कडांची तीन हिरवी पाने असतात. ६० × ९० सेंटिमीटरच्या गोधडीसाठी साधारण २५ सेंटिमीटर रुंदीची दोन फुले, एक पहिल्या दिवसाचे व एक दुसऱ्या दिवसाचे, कागदावर काढून घ्यावीत आणि उरलेल्या जागेत दोन-तीन पात्या व एखादे बोंड ठेवावे.

जुनी सुती साडी किंवा धोतर यासाठी उत्तम, कारण धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडातून सुई सहज जाते. नवे कापड वापरायचे झाल्यास खळ जाईपर्यंत धुवावे, आणि लाल किंवा गडद कापड पांढऱ्या तुकड्यासह कोमट पाण्यात भिजवून रंग जातो का ते आधीच पाहावे. पाकळ्यांसाठी छटा कमी पडल्या, तर त्याच कापडाची उलटी, फिकट बाजू वापरता येते. मागची जमीन, म्हणजे ज्या कापडावर तुकडे टाचायचे ते, तापीकाठच्या काळ्या मातीच्या रंगाची घेतली, तर दुधाळ फूल त्यावर उठून दिसते.

आराखड्यातील प्रत्येक तुकड्याभोवती मुडपण्यासाठी ६ मिलिमीटर कापड जास्त ठेवावे. पाकळी कापडावर तिरपी ठेवून कापली, की तिची बरीचशी गोलाई उरेबात, म्हणजे विणीच्या तिरप्या दिशेत, येते आणि कड मुडपताना चुण्या पडत नाहीत. आत वळलेल्या कडेला कात्रीने बारीक काप द्यावेत. दुसऱ्या पाकळीखाली जाणारी कड मुडपू नये, तेथे उगाच जाडी वाढते. पहिल्या पाकळीची एक बाजू न टाचता मोकळी सोडावी, म्हणजे शेवटची पाचवी पाकळी तिच्याखाली सरकवता येते. हा क्रम चुकला, तर फुलाची गुंफण खोटी दिसते.

चित्र टाचून झाल्यावर खाली अस्तर, मध्ये जुन्या धोतराचे दोन पदर आणि वर चित्राचे कापड अशी थप्पी सपाट पसरावी. पिंजलेला कापूस भरल्यास तो टांगलेल्या गोधडीत खाली सरकतो, म्हणून भिंतीसाठी धोतरच बरे. मधून बाहेरच्या दिशेने, चार बोटांच्या अंतराने कच्चे टाके घालावेत.

आता धावदोरा. गोधडीचा खरा जीव येथे आहे, त्यामुळे घाई करू नये. टाके ३-४ मिलिमीटरचे, दोरा हातभर लांब आणि गाठ ओढून पदरांच्या आत दडवलेली असावी. पाकळीत देठाकडून कडेकडे, शिरांच्या वळणाने मोजकेच टाके घालावेत, आणि जमिनीवर मात्र फुलाभोवती एक-एक सेंटिमीटर अंतराने त्याच आकाराच्या रांगा दाट घालाव्यात. दाट टाक्यांनी जमीन दबते व पाकळ्या फुगून वर येतात. दुसऱ्या दिवसाच्या फुलासाठी वेगळे कापड शोधण्याची गरज नाही. त्याच दुधाळ कापडावर गुलाबी दोऱ्याच्या रांगा जवळजवळ घातल्या, तर रंग पालटत असल्याचा भास होतो, आणि छापील गुलाबी कापडापेक्षा तो मला कितीतरी जास्त खरा वाटतो.

कच्चे टाके काढून कडा सरळ कापाव्यात व ६ सेंटिमीटर रुंदीची पट्टी दुमडून चारही बाजूंना गोट शिवावा. साडीचा काठ शाबूत असेल, तर तोही चालतो. मागे वरच्या कडेला १० सेंटिमीटर रुंदीचा नेफा शिवून त्यात लाकडी दांडी घालावी, म्हणजे वजन सगळीकडे सारखे पडते. थेट ऊन येणाऱ्या भिंतीवर ती टांगू नये, आणि काढून ठेवताना घडी न घालता सुती कापडात गुंडाळून ठेवावी.