आरएसला दुसरं इंजिन टाकताय? या चुका टाळा

परवा परत तोच मेसेज. "दादा, आरएसचं इंजिन गेलं, कुर्ल्यात एक मिळतंय, घेऊ का? का एकदाच खर्च करून फोर्ज्ड (दाबून घडवलेले, जास्त ताकद सोसणारे पिस्टनवालं) बनवून घेऊ?" गाडी म्हणजे स्कोडाची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, १.८ टर्बो, पोरगा रोज तिनेच ऑफिसला जातो. मी विचारलं, जुनं कशाने गेलं? तर म्हणे "आवाज येत होता." अरे कसला आवाज, गरम असताना का थंड असताना, ऑइलचा दिवा लागला होता का, काही पत्ता नाही. पण नवीन इंजिन कुठलं टाकायचं याच्या तीन टॅब उघड्या.

ही सगळ्यात मोठी चूक आणि ती मी स्वतः केलीय म्हणून जरा लांबलचक सांगतो.

माझ्या गाडीचं तीन नंबरचं बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं) गेलं. संप, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, काढला तर ऑइल पंपाची जाळी डांबरासारख्या गाळाने चोंदलेली, पंप बिचारा ओढणार काय. एवढं डोळ्यांनी बघूनही मी काय केलं, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एक बरं दिसणारं इंजिन उचललं, संप धुतला, जाळी नवीन टाकली आणि जुनाच ऑइल कुलर, जुनाच टर्बो, टर्बोला ऑइल देणारा जुनाच पाइप तसाच चढवला. मेकॅनिक म्हणाला पेट्रोलने धुतो, आरशासारखा होईल. मला पण तेच ऐकायचं होतं, कारण बजेट संपलं होतं आणि गाडी दोन महिने जॅकवर होती.

नऊशे किलोमीटर झाले. खंबाटकी चढून वर आलो, टपरीपाशी गाडी हळू केली आणि आयडलला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू) ऑइलचा लाल दिवा, बझर, आणि खालून तोच ओळखीचा ठक ठक. परत खोललं तर नव्या बेअरिंगवर नखाला लागतील इतक्या खोल रेघा. मग तो "आरशासारखा" कुलर ग्राइंडरने उभा कापला. आत पातळ पत्र्यांचे थर असतात आणि त्या थरांत जुन्या बेअरिंगचा चुरा गणपतीच्या मखरावरच्या चमकीसारखा चिकटलेला. पेट्रोल ओतून तो निघत नाही, माझा अनुभव आहे. आता कोणी म्हणेल फिल्टर असतो की, तो पकडेल. पकडतो, पण त्याला बायपास व्हॉल्व्ह असतो. ऑइल थंड आणि जाड असलं किंवा फिल्टर चोंदला की तो उघडतो आणि मग न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगकडे जातं.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे मेलेल्या इंजिनचा फिल्टर आधी कापून बघायचा. करवतीने नाही, तिचाच भुसा आत पडतो आणि मग तुम्ही त्यावर संशोधन करत बसता. टिनकटरने पत्रा सोलायचा, आतला कागद घडी घडी उलगडायचा आणि उन्हात बघायचा. चमक दिसली तर लोहचुंबक लावायचा. चिकटलं तर लोखंड, कुठे घासलंय ते शोधा. नाही चिकटलं तर बहुतेक बेअरिंगचा थर. चमक असेल तर कुलर, टर्बोचा पाइप, पंप नवीन, टर्बो खोलून तपासायचा, यावर चर्चा नाही. टर्बो तुटून गेला असेल तर इंटरकुलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) पण काढा, त्यात तुकडे आणि वाटीभर ऑइल बसलेलं असतं.

वापरलेलं इंजिन घेताना "साठ हजार चाललंय" वगैरे ऐकून सोडून द्या. कॉम्प्रेशन तर बघाच पण मी लीक डाउन टेस्ट केल्याशिवाय पैसे देत नाही. सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि कान लावायचा. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, कूलंटमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट नाहीतर हेडला तडा. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान. आणि ऑडी ए४ मधलं १.८ टी (१.८ टर्बोच) स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका, ते उभं बसतं, आपलं आडवं.

आता फोर्ज्ड. ज्याला त्याला फोर्ज्ड पिस्टन हवेत, का तर स्टेज थ्री, म्हणजे मोठा टर्बो लावून ताकद वाढवायची. भाऊ, १.८ टीचा मूळ २१० एनएम टॉर्क १७५० आरपीएमला हातात येतो, हिंजवडीच्या रांगेत तोच कामाचा. मोठा टर्बो लावला की तो येणार चार हजाराला, तोवर पुढची रिक्षा घरी पोचलेली असते. पिस्टनचं पण तसंच. फोर्ज्ड पिस्टन दोन ॲल्युमिनियम अलॉयचे मिळतात, २६१८ आणि ४०३२. २६१८ चा पिस्टन तापल्यावर जास्त फुगतो म्हणून बोअरमध्ये फट जास्त ठेवावी लागते, मग थंडीत सकाळी स्टार्ट केली की गरम होईपर्यंत टकटक, आणि रोजच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पण थोडं जास्त पितं. हवेच असतील तर ४०३२ बघा, त्यात सिलिकॉन जास्त, फट कमी लागते. पण माझं मत विचाराल तर रोजच्या गाडीला स्टँडर्ड पिस्टन, नीट होनिंग (बोअर घासून घेणं), हेड फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) आणि साधा रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं ट्यूनिंग), बास. तोही तुम्ही रोज जे पेट्रोल भरता त्यावर. ट्यूनच्या दिवशी एक्सपी १०० (१०० ऑक्टेनचं पेट्रोल) भरून घरी साधं टाकणारे बघितलेत मी.

बाकीचं पटापट. हेड बोल्ट एकदाच वापरायचे. टायमिंग बेल्टबरोबर टेन्शनर आणि वॉटर पंप, आणि पंपाचा पंखा प्लास्टिकचा नको. इंजिन बाहेर आहे तर क्लच आत्ताच बघा. नवीन रिंगा टाकल्या की गाडी अर्धा तास आयडलवर ठेवून चहाला जाऊ नका, लोड मिळाल्याशिवाय रिंगा बसत नाहीत, गरम झाली की रस्त्यावर काढा. इंजिन नंबर आरसीवर असतो, बदलला तर आरटीओची परवानगी आणि नोंद, म्हणून बिल पक्कं घ्या, नाहीतर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला तोच नंबर तपासेल.

त्या पोराने काल फिल्टर कापून फोटो पाठवला. चमकच चमक. कुलर ऑर्डर केलाय म्हणाला. आता विचारतोय, टर्बोचा पाइप जुनाच चालेल ना?