हेडलाइट घरीच घासताय? या चुका टाळा

सुरुवात टूथपेस्टपासून करू, कारण पुण्यात सगळे तिथूनच सुरुवात करतात. टूथपेस्टने काहीच होत नाही असं नाही. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, पिवळेपणा थोडा निघतो, दिवा उजळ दिसतो आणि माणूस खूश होऊन सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकतो. पुढचा एप्रिल-मे गेला की हेडलाइट पुन्हा पिवळी.

हल्लीच्या गाड्यांची हेडलाइटची काच ही काच नसतेच, पॉलिकार्बोनेट असतं. जुन्या फियाट-अँबॅसिडरच्या काचा खऱ्या होत्या. फुटायच्या, पण पिवळ्या पडायच्या नाहीत. पॉलिकार्बोनेट दगडाला दाद देत नाही, मात्र उन्हातल्या अतिनील किरणांपुढे हार मानतं. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक संरक्षक थर चढवतात. वर्षानुवर्षं उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीचा हा थर जळतो, सोलवटतो. आपण घासतो म्हणजे त्यातला उरलासुरलाही काढून टाकतो. नवा थर द्यायचा नसेल तर खरं म्हणजे घासायलाच घेऊ नये. सगळ्यात महाग पडणारी चूक हीच.

हात लावण्याआधी काचेवर पाणी ओता. ओली असताना स्वच्छ दिसली आणि वाळल्यावर पुन्हा धुरकट झाली, तर दोष बाहेरून आहे, घासून जाईल. ओली असतानाही आत धूसर दिसत असेल, थेंब किंवा वाफ असेल, तर सील गेलंय. वरून कितीही घासा, काही उपयोग नाही. आतला चकचकीत रिफ्लेक्टर काळवंडला असेल तरी तेच. अशा वेळी नाना पेठेतल्या गाड्यांच्या पार्ट्सच्या बाजारात चक्कर मारून दुसरी हेडलाइट मिळते का ते बघावं.

घासायला वॉटर पेपरच (पाण्यासोबत वापरायचा घासकागद) घ्या, लाकडावरचा कोरडा पॉलिश पेपर नको. कडेच्या पत्र्यावर आणि बंपरवर मास्किंग टेप दुहेरी लावा. पेपर एकदा निसटला तर पेंटचं काम हेडलाइटपेक्षा महाग पडतं. पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक. थर सोलवटत असेल तर ६०० किंवा ८०० नंबरपासून सुरुवात करा, नुसता पिवळेपणा असेल तर १००० पासून. मग क्रमाने पुढचे नंबर, शेवटी १५०० आणि २०००. इथे माणसं दोन ठिकाणी गडबडतात.

पहिली गडबड घाईची. ८०० चा पेपर फिरवताना खाली ओघळणारं पाणी आधी पिवळसर येतं. ते दुधासारखं पांढरं येईपर्यंत थांबायचं नाही. जुना थर बेटाबेटांनी राहिला, तर बोट फिरवल्यावर कड लागते, आणि नवा कोट नेमका तिथूनच सुटतो. या टप्प्यावर काच पूर्ण दुधाळ होते, आधीपेक्षा वाईट दिसते. घाबरायचं कारण नाही. सगळीकडे सारखी दुधाळ दिसली म्हणजे काम बरोबर चाललंय.

दुसरी गडबड नंबर गाळण्याची. ८०० वरून थेट २००० वर उडी मारली की खोल ओरखडे तसेच राहतात, आणि ते रात्री दिवा लावल्यावरच दिसतात. एक नंबर आडवा, पुढचा उभा घासा. आधीच्या रेघा संपल्या की नाही ते लगेच कळतं. पाणी मात्र सतत हवं.

कंपाउंडसाठी (चकाकी आणणाऱ्या पॉलिश पेस्टसाठी) ड्रिलला पॅड लावणार असाल तर वेग कमी ठेवा आणि एका जागी थांबू नका. प्लास्टिक तापून डाग पडला की तो डाग कायमचा. थिनर, अ‍ॅसिटोन, पेट्रोल काचेला अजिबात लावू नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात. डास पळवणाऱ्या स्प्रेने हेडलाइट क्षणात चमकवण्याचे व्हिडिओही फिरतात. ती चमक म्हणजे औषधाने वरचा पृष्ठभाग विरघळवलाय. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. शेवटचं धुणं आरओ फिल्टरच्या पाण्याने करा, टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग कोटाखाली अडकतात.

आता कोट. क्लिअर कोट (पारदर्शक संरक्षक थर) मारणार असाल तर आधी कंपाउंडने आरसा करू नका. गुळगुळीत पृष्ठभाग कोटाला धरत नाही. त्या डब्यावर सांगितलेल्या नंबरपर्यंत घासून दुधाळच ठेवा, कोट बसताच काच पारदर्शक होते. पहिल्यांदा करणाऱ्याचा यावर विश्वास बसत नाही. कोट अतिनील किरण अडवणारा हवा, हार्डवेअरच्या दुकानातला साधा लॅकर चालत नाही. हार्डनरवाला टू-के स्प्रे (कोट कडक करणारं दुसरं रसायन मिसळलेला) टिकतो सगळ्यात जास्त, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क तिथे कामाचा नाही. योग्य फिल्टरचा मास्क आणि मोकळी हवा नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, त्यापेक्षा पीपीएफ, म्हणजे वरून चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म लावून घ्या. नुसतं वॅक्स लावायचं असेल तर कंपाउंड करा, मात्र दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावायची तयारी ठेवा. माझ्या मते ती तयारी कुणाचीच नसते.

दिवसही बघून निवडा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोट पांढुरका पडतो, मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या काचेवर तो पसरायच्या आत सुकतो. दिवाळीनंतरचे कोरडे दिवस, सावलीतली जागा, सकाळचं दव गेल्यानंतरची वेळ उत्तम. शेजारी बांधकाम चालू असेल, म्हणजे निम्म्या पुण्यात, तर वारा पडलेला दिवस गाठा.

काच धुरकटच ठेवून १०० वॅटचा बल्ब बसवणारे वेगळेच. साधा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा (हाय बीम/लो बीम) असतो. त्याहून जास्त वॅटने होल्डर आणि वायर तापते, आणि धुरकट काचेतून प्रकाश विखुरतो तो पुण्याजवळच्या दिवे घाटात समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत.

कोटाला ओघळ आलाच, तर ओला असताना बोट लावू नका. डब्यावरच्या सूचनेप्रमाणे पूर्ण सुकू द्या, मग २००० ने फक्त तेवढाच भाग ओला घासून कंपाउंड मारा. पांढुरकी झाक पडली असेल तर कोरड्या दिवसापर्यंत थांबा, हलकं घासा आणि पुन्हा पातळ कोट द्या.