बुरशीजन्य मेंदूज्वराचा रुग्ण पुन्हा बिघडतो तेव्हा

क्रिप्टोकॉकस या बुरशीमुळे झालेल्या मेंदूज्वराचा रुग्ण ॲम्फोटेरिसिन या बुरशीविरोधी औषधाने सुधारत असताना काही आठवड्यांनी पुन्हा बिघडला, तर बुरशी औषधाला दाद देत नाही अशी शंका प्रथम येते. क्वचित मात्र रुग्णाची प्रतिकारशक्तीच त्याच्या मेंदूवर उलटलेली असते. अशा रुग्णांत मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए रिसेप्टर या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळल्याच्या नोंदी आहेत. भ्रम, वागणुकीतील अचानक बदल, बोलणे खुंटणे, तोंडाच्या चमत्कारिक हालचाली किंवा नव्याने आलेले झटके दिसल्यास निवासी डॉक्टरांनी हा विचार करावा.

सर्वप्रथम पाठीतले पाणी पुन्हा काढावे आणि दाब न चुकता मोजावा. तो पाण्याच्या 25 सेंटिमीटर उंचीपेक्षा अधिक असेल, तर बिघाडाचे कारण कदाचित तेवढेच असेल आणि पाणी काढून दाब उतरवणे हाच तातडीचा उपचार ठरेल. इंडिया इंक ही शाई वापरून सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या तपासणीत बुरशीच्या मृत पेशीही दिसतात आणि बुरशीचे अंश शोधणारी प्रतिजन चाचणी यशस्वी उपचारानंतरही दीर्घकाळ सकारात्मक राहते, त्यामुळे बुरशी जिवंत आहे की नाही याचा निर्णय कल्चरवरच, म्हणजे नमुन्यातून बुरशी वाढते का या चाचणीवरच, सोपवावा. प्रतिपिंडांसाठी रक्ताबरोबर पाठीतले पाणीही पाठवावे, कारण एनएमडीए प्रतिपिंडांबाबत ते अधिक विश्वासार्ह असते. हे नमुने इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे) देण्यापूर्वीच घ्यावेत. नंतर घेतलेल्या रक्ताचा अहवाल फसवा असू शकतो. एमआरआय निर्दोष आला म्हणून हे निदान बाद करू नये. ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) करावा, आणि प्रतिपिंडे सापडल्यास स्त्री रुग्णाच्या अंडाशयात टेराटोमा ही गाठ आहे का, हेही तपासावे.

खरी कसोटी प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या स्टेरॉइडची आहे. एचआयव्हीबाधितांमध्ये सर्वांना सरसकट डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊन पाहणारी, 2016 साली प्रसिद्ध झालेली चाचणी अपाय दिसल्याने थांबवावी लागली होती. म्हणून केवळ संशयावर स्टेरॉइड सुरू करणे मला धोक्याचे वाटते. कल्चर निर्जंतुक आले, दाब आटोक्यात आला आणि प्रतिपिंडे सिद्ध झाली, तर बुरशीविरोधी औषध अखंड चालू ठेवून मज्जाविकारतज्ज्ञ आणि संसर्गतज्ज्ञ यांच्या संयुक्त सल्ल्याने मिथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा (रक्तद्रव) बदल यांतून निवड करावी. रिटुक्सिमॅब हे औषध प्रतिकारशक्ती दीर्घकाळ दाबते, त्यामुळे त्याची घाई नको.

झटक्यांसाठी फेनिटॉइन देताना फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधामुळे त्याची रक्तातील पातळी वाढते, हे ध्यानात ठेवावे. लेव्हेटिरॅसिटाम हे झटक्यांचे दुसरे औषध त्या दृष्टीने सोयीचे असले, तरी त्यानेही चिडचिड वाढू शकते, आणि ती चिडचिड आजाराची की औषधाची हे ठरवण्यासाठी औषध सुरू करण्यापूर्वीच्या वागणुकीची नोंद केसपेपरवर असावी लागते.