उष्ट्रासन: कंबरेवर भार न टाकता मागे कसे वाकावे

दिवसाचे बरेच तास खुर्चीत बसून गेले की खांदे पुढे झुकतात, छाती आत जाते आणि जांघेतले स्नायू आखडतात. मांड्यांपासून गळ्यापर्यंतची ही संपूर्ण पुढची बाजू एकाच वेळी ताणणारे आसन म्हणजे उष्ट्रासन. घेरंडसंहिता या हठयोगावरील जुन्या ग्रंथातील ३२ आसनांमध्ये हे नाव येते, मात्र तिथे ते पालथे पडून करायला सांगितले आहे. आज सर्वत्र शिकवतात ते गुडघ्यांवर उभे राहून करायचे आसन, आणि इथे त्याचाच विचार केला आहे.

आसन रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर तीन-चार तासांनी करावे. उच्च रक्तदाब, हर्निया, चक्कर येणे, मानेचे किंवा मणक्याचे दुखणे असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी आणि पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. सुरुवातीला भुजंगासनाची (पालथे पडून छाती वर उचलण्याच्या आसनाची) दोन-तीन आवर्तने केली, की पाठ मोकळी होते.

आता सतरंजीवर गुडघे टेकून उभे राहावे. गुडघे टोचत असतील तर खाली चादरीची घडी घ्यावी. दोन्ही गुडघ्यांत नितंबांच्या रुंदीइतके अंतर असावे, नडग्या एकमेकींना समांतर असाव्यात आणि पावलांची वरची बाजू जमिनीला टेकलेली असावी. तळहात कंबरेखाली, माकडहाडाच्या दोन्ही बाजूंना, बोटे खाली करून ठेवावेत आणि त्यांनी नितंब किंचित खाली दाबावेत.

यापुढचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि चुकतो तोही इथेच. पाठीच्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ आणि कंबरेचे ५ मणके असतात; पाठीच्या मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तो भाग सहजासहजी मागे वाकत नाही, आणि मग सगळा बाक मान व कंबर यांच्या वाट्याला येतो. म्हणून मागे जाण्याआधी वर जावे: श्वास घेत छातीचे मधले हाड वर उचलावे, खांद्याची पाती एकमेकींजवळ आणावीत आणि ही उंची टिकवूनच श्वास सोडत हळूहळू मागे झुकावे. मांड्या मात्र जमिनीशी काटकोनातच राहिल्या पाहिजेत. त्या राहतात की नाही, हे तपासायला माझ्या मते भिंतीसारखा दुसरा शिक्षक नाही. भिंतीकडे तोंड करून, गुडघे आणि मांड्या तिला टेकवून आसन करावे. मागे जाताना मांड्या भिंतीपासून सुटल्या, तर नितंब मागे सरकले आणि पुढचा ताण निसटला असे समजावे.

इतके जमले तरच एकेक हात टाचेवर न्यावा. त्या वेळी धड एका बाजूला पिळवटणार नाही, याकडे लक्ष द्यावे. टाचा लांब वाटत असल्यास चवडे टेकवून त्या उंच कराव्यात, आणि तरीही हात पोहोचत नसतील तर ते कंबरेवरच राहू द्यावेत. छाती वर उचललेली असेल, तर टाच धरता आली नाही म्हणून काही बिघडत नाही. मान सर्वांत शेवटी, तीही सुखाने जाईल तेवढीच मागे न्यावी, अन्यथा हनुवटी छातीकडे ठेवून समोर पाहावे. श्वास रोखू नये. प्रारंभी ३ ते ५ श्वास पुरेत.

परतताना हात एकामागून एक कंबरेवर आणावेत, मांड्यांच्या जोरावर छाती आधी उचलावी आणि डोके शेवटी सरळ करावे, कारण आधी डोके झटक्याने वर आणल्यास मानेला हिसका बसतो. मग वज्रासनात, म्हणजे टाचांवर, काही श्वास स्वस्थ बसून शशांकासनात, म्हणजे कपाळ जमिनीकडे नेत, पुढे झुकावे. मांड्यांच्या पुढच्या भागात आणि छातीत ताण जाणवत असेल तर आसन योग्य झाले. कंबरेत एकाच ठिकाणी टोचल्यासारखे दुखत असेल, तर पुढचे काही दिवस टाचा विसरून भिंतीशीच सराव करावा.